हस्ताच्या पावसातल्या मुली

सोलापूरचा इतिहास म्हटला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरूनच जाते. सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला, १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, १९३० च्या मे-जूनमधला मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे, आणि मग चादरी. शाळेत हे सगळं इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सगळं खरं, अभिमान वाटावा असंच. पण गेले काही दिवस माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळतोय. ज्या गावात मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावली जायची, त्या गावात, समजा १९३० साली, दहा-अकरा वर्षांची एखादी मुलगी भाद्रपद संपून आश्विन लागताना संध्याकाळी काय करत असेल? तिला कशाची मजा वाटत असेल?

आता तुम्ही म्हणाल, हा काय इतिहास झाला! (आमचा नाशिकचा आतेभाऊ तर नक्की म्हणेल.) पण म्हणूनच लिहितेय. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं इंग्रजी गॅझेटियर जाडजूड आहे. त्यात जमिनीची प्रत आहे, हातमाग आहेत, १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीकत आहे, कोणत्या जातीत लग्न कसं लागतं हेसुद्धा आहे. साहेबाने विचारलं त्याचं उत्तर मिळालं आणि ते छापलं गेलं. संध्याकाळी अंगणात मुली काय खेळतात, हे विचारायचं त्याला काही कारण नव्हतं. त्यामुळे या गोष्टी शोधायच्या तर आजीकडे, पंचांगात आणि थोड्या शेतातही जावं लागतं.

पंचांगापासून सुरुवात करू. साधारण २६-२७ सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि १० ऑक्टोबरच्या आसपास बाहेर पडतो. या दिवसांत पडतो तो हत्तीचा पाऊस. दिवसभर उकडतं, चार वाजता पूर्वेकडून काळं येतं आणि तासाभरात गटारं तुंबतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना पाऊस म्हणजे जुलै. आमच्याकडे जुलै म्हणजे नुसते ढग आणि वारा. सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यावर रब्बीची ज्वारी पेरायची, आणि त्या ज्वारीवर वर्षभराची भाकरी. उत्तरा आणि हस्त नीट पडले तर काळ्या रानात ओल राहते, मग मालदांडी नुसत्या त्या ओलीवर आणि थंडीवर येते. नाही पडले तर? ते १९७२ साली आम्ही पाहिलं.

म्हणजे हस्ताचा पाऊस ही घराघरातली काळजी होती. पुरुष आभाळाकडे बघत पेरणीचा हिशेब करायचे आणि त्याच दिवसांत, त्याच नक्षत्राच्या नावाने, पोरी अंगणात हत्तीचं चित्र लावून फेर धरायच्या. तो हादगा. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. विदर्भातल्या भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसतात आणि कोजागिरीला जातात. आमचा हादगा हस्त लागलं की सुरू. सोळा दिवस, असं आजी सांगायची. सूर्य काही हस्तात सोळा दिवस राहत नाही, तेरा-चौदाच राहतो. पण ही शंका मी आजीला विचारली तेव्हा ती म्हणाली, "सूर्याला काय घाई आसंल, आमाला नव्हती." विषय संपला.

ज्यांनी हादगा पाहिला नाही त्यांच्यासाठी (आमच्या घरातल्या अमेरिकेतल्या पिढीसाठी!) थोडक्यात सांगते. भिंतीवर समोरासमोर तोंड केलेल्या दोन हत्तींचं चित्र लावायचं. काही घरांत पाटावर हत्ती काढायचे, तो पाट मधे ठेवायचा आणि भोवती फेर धरायचा. चित्राला रोज फुलांची माळ, शिवाय त्या दिवसांत मिळेल त्याच्या माळा: भुईमुगाच्या ओल्या शेंगा, कारली, दोडके, मक्याची कणसं, छोटी सीताफळं. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापत झाकलेल्या डब्यात असायची आणि ती ओळखल्याशिवाय मिळायची नाही. डबा कानाशी धरून हलवायचा. गोड की तिखट? ओलं की कोरडं? गोल की चपटं? ज्या घरी हादगा त्या घरच्या आईची सगळी अक्कल असं काही करण्यात खर्च व्हायची की ते पोरींना ओळखता येऊ नये. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची. त्या वर्षी आमच्या वाड्यात एका काकूंनी मिलोच्या पिठात गूळ घालून काहीतरी थापलं होतं. डबा हलवायच्या आधीच सगळ्या पोरी एका सुरात "मिलो!" म्हणून ओरडल्या. काकू हसता हसता रडायला लागल्या, की रडता रडता हसायला, ते मला तेव्हा कळलं नाही.

गाण्यांबद्दल किती लिहावं आणि किती नाही! सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्राच्या लोकसाहित्य समितीतर्फे अशा गाण्यांचं केवढं तरी धन छापून ठेवलं, नाहीतर आज आपल्याकडे चार-पाचच उरली असती. सुरुवातीची गणपतीची आळवणी संपली की पुढची बहुतेक गाणी सासरची. माहेरी जायची परवानगी मागणारी सून सासूकडे जाते, सासू सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, दीर जावेकडे, आणि मधे एक कारल्याचा वेल उगवून, फुलून, त्याला कारली लागून, त्यांची भाजी होऊन, खाऊन, भांडी घासून होतात तरी परवानगी मिळत नाही. सरकारी कचेरीत फाईल फिरते तशी ती सून फिरते. दुसऱ्या एका गाण्यात नवरा इतका वेडा की बायकोने केलेल्या खाण्याच्या पदार्थांचं भलतंच काहीतरी समजतो आणि अखेर तिलाही... जाऊ दे, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आता बघा. हे कोण गातंय? सात ते बारा-तेरा वर्षांच्या मुली. सासर अजून पाहिलेलं नाही, किंवा नुकतंच पाहिलंय. ऐकतंय कोण? ओसरीवर बसलेली त्यांची आजी, म्हणजे कुणाची तरी सासूच. आणि ती सासू तोंडाला पदर लावून हसतेय, कारण तीही कधीतरी हेच गात फिरली होती. या गाण्यांना कोणी "स्त्रियांच्या दुःखाचा हुंकार" वगैरे म्हणतं, ते मला अर्धंच पटतं. दुःख आहे त्यात. पण आधी आहे तो खोडकरपणा. जात्यावरच्या ओव्या पहाटे एकट्या-दुकट्या बाईने म्हटलेल्या, तिथला सूर वेगळा. हादगा म्हणजे पंधरा पोरींचा गलका.

इथे मला एक तारीख तुमच्यापुढे ठेवायची आहे. २८ सप्टेंबर १९२९. त्या दिवशी मध्यवर्ती कायदेमंडळात बालविवाह प्रतिबंधक कायदा मंजूर झाला. हरबिलास सारडांनी तो मांडला म्हणून लोक त्याला सारडा कायदा म्हणत. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. पंचांगाच्या हिशेबाने त्या दिवशी हस्त नुकतंच लागलं होतं, म्हणजे जिल्हाभर हादग्याचे पहिले दिवस. अंगणात पोरी फेर धरतायत आणि तिकडे त्यांच्या वयावर मतदान चाललंय. यात कोणाचीच योजना नव्हती, निव्वळ योगायोग. पण मला त्याने झोप लागली नाही एक रात्र.

कारण पुढे काय झालं बघा. कायदा मंजूर झाला सप्टेंबरात, पण लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधे सहा महिने. त्या सहा महिन्यांत देशभर लोकांनी लहान लहान पोरींची लग्नं घाईघाईने उरकून टाकली. १९३१ च्या खानेसुमारीतही विवाहित मुलींचे आकडे त्यामुळे फुगलेले दिसतात. जो कायदा मुलींचं बालपण दोन-चार वर्षांनी वाढवायला आला, त्याने आधी एका अख्ख्या वयोगटाचं बालपण एका हिवाळ्यात संपवलं. शिवाय कायदा फक्त ब्रिटिश मुलखापुरता. सोलापूर ब्रिटिशांचं, पण इकडे तुळजापूर निजामाचं, तिकडे अक्कलकोट संस्थान. बैलगाडी एक दिवस हाकली की कायदा संपला!

माझी आजी त्या हिवाळ्यातली. वैरागजवळच्या एका खेड्यातली, १९१९ चा जन्म. १९२९ च्या हादग्यात ती दहा वर्षांची होती आणि १९३० च्या माघात तिचं लग्न लागलं. तिला सारडा माहीत नव्हता, कायदा माहीत नव्हता. "सरकार लग्नं बंद करणार हाय म्हणं," एवढं तिने ऐकलं होतं. तिला आठवायचं ते हे, की गल्लीतल्या फेरातल्या नऊ पोरींपैकी सहा जणींची लग्नं त्याच वर्षी लागली. पुढच्या वर्षी हत्ती लावायला कोण होतं, ते तिला माहीत नव्हतं. ती सोलापुरात होती.

मार्शल लॉ उठून दोन-तीन महिने झाले होते. गाव अजून दबकूनच होतं. आजोबांच्या वडिलांचं साखर पेठेच्या कडेला रंगाचं दुकान होतं. विणकरांना सुतासाठी लागतो तो रंग. बोळात मागे सगळी तेलुगू घरं. अकरा वर्षांची आजी भाद्रपद संपता संपता तिथे नांदायला आली. आमच्या त्या पणजीबद्दल घरात दोन मतं आहेत. आत्याबाईंच्या मते ती कजाग. आजीच्या मते "तशी वाईट नव्हती, पर मोजून द्यायची." काय मोजून? तर सगळं. तेल, साखर, आणि हादगाही! सुनेने खेळायला जावं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली आणि सासूने सात दिवस दिले. सोळापैकी सात. "माझा शेवटचा हादगा सोळाचा, आन् हितला पहिला सातचा." हे वाक्य आजी आयुष्यभर, कुठलीही गोष्ट कमी मिळाली की म्हणायची. भाजीवाल्याने कोथिंबीर कमी दिली तरी, "सातचा हादगा केलास की रे बाबा."

पण त्या उरलेल्या दिवसांची कसर कशी भरली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे तेलुगू सोलापूर. पद्मशाली विणकर एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, इथे येत राहिले. आधी हातमागावर, मग मिलमध्ये, पुढे यंत्रमागावर. १८६० च्या सुमाराला रेल्वे आली, मग मिल आल्या आणि येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांनी मार्कंडेयाचं देऊळ आणलं, चिंचेचा आंबटपणा आणला, आणि बायकांनी बतुकम्मा आणली. 'बतुकु' म्हणजे जगणं. भाद्रपद अमावास्येला ती सुरू होते. गंमत बघा, आपल्याकडे तो सर्वपित्रीचा दिवस, नवं काही करायचं नाही, पोरीबाळींनी तिन्हीसांजेला बाहेर जायचं नाही. आणि मागच्या बोळात त्याच संध्याकाळी फुलांचा डोंगर मधे ठेवून बायका टाळ्या वाजवत गोल फिरतायत! आजी पहिल्या वर्षी खिडकीच्या गजाला धरून बघत राहिली होती.

बतुकम्मा म्हणजे फुलांचीच देवी. ताटात खाली मोठं वर्तुळ, वर लहान, त्यावर आणखी लहान, असे फुलांचे थर देवळाच्या कळसासारखे रचायचे आणि टोकाला हळदीची गौरी ठेवायची. मग गाणी. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी शेवटी 'उय्यालो' म्हणायचं. उय्याला म्हणजे झोका. नऊ दिवस, रोज वेगळा नैवेद्य: कधी पोहे, कधी घट्ट वरण, कधी भिजवलेले तांदूळ. सहाव्या दिवशी मात्र बतुकम्मा रचतच नाहीत, कारण त्या दिवशी ती रुसलेली असते. आजीला हे फार आवडायचं. देवीला रुसायला एक दिवस राखून ठेवलाय! शेवटच्या दिवशी, म्हणजे अष्टमीला, सगळ्यात मोठी बतुकम्मा, आणि चिंचेचा, तिळाचा, दह्याचा, लिंबाचा असे नाना भात. मग ती वाजतगाजत पाण्यात सोडायची आणि काठावर बसून भात खायचा.

आता फुलं कोणती? झेंडू, शेवंती, भोपळ्याची फुलं, कुरडूचे पांढरट-गुलाबी तुरे, आणि सगळ्यात मानाचं फूल तंगेडू. हे तंगेडू म्हणजे आपलं तरवड. रस्त्याच्या कडेला, माळावर, जिथे काही उगवत नाही तिथे उगवणारं पिवळंधमक. सोलापूर-उस्मानाबादकडच्या मराठी घरात घटावर जी पहिली माळ चढते, ती बहुतेक याच तरवडाची. कुरडूसुद्धा आपल्या माळेत असतोच. म्हणजे एकाच माळरानावरून पहाटे मराठी पोरी घटासाठी आणि तेलुगू पोरी बतुकम्मेसाठी एकच फूल खुडत होत्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण झाड एकच, आणि आधी पोचेल तिचा फुलोरा मोठा! सणांचं ऐक्य वगैरे भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. तिथे ऐक्यबिक्य काही नव्हतं, भांडणं होती. आजीने एका तेलुगू मुलीची वेणी ओढली आणि तिने आजीच्या ओच्यातली अर्धी फुलं घेतली. त्या दोघी पुढे साठ वर्षं मैत्रिणी होत्या.

ती मैत्रीण दिवसभर कांड्या भरायची. विणायच्या आधी सूत कांडीवर गुंडाळून द्यावं लागतं, ते काम घरातल्या बायका-मुली करायच्या, रहाट फिरवत. मागावर बसलेल्या पुरुषाचं नाव विणकर म्हणून लागायचं, कांड्या भरणारीचं कुठे लागायचं नाही. पूर्व भागात पुढे घरोघर विड्या वळण्याचं कामही आलं. तेंदूपत्ता, तंबाखू, सुपात हात, आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. हे काम थांबायचं कधी? अंधार पडल्यावर. म्हणूनच बतुकम्माही संध्याकाळची आणि हादगाही संध्याकाळचा. पोरींना दिवसातला तेवढाच तुकडा मिळत होता आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला. आजीला सासूने हादग्याचे सात दिवस दिले होते, पण मागच्या बोळात टाळी वाजवायला जाऊ नको, असं काही सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तिला सुचलंच नाही! त्या वर्षी घटस्थापना २३ सप्टेंबरला होती, म्हणजे बतुकम्मा आणि हादग्याचे दिवस एकमेकांवर पडले होते. आजी सात संध्याकाळी पुढच्या अंगणात नाचली आणि उरलेल्या मागच्या बोळात. "तेलगू येत नव्हतं, पर उय्यालो कुनाला बी येतंय," असं म्हणून ती ऐंशीच्या घरात असतानाही बसल्या बसल्या टाळ्या वाजवून दाखवायची.

मधे एक वर्ष मला फार सतावतं, म्हणून थोडं विषयांतर करते. १९४९. ऑगस्टच्या अखेरीला जुनी मिल बंद पडली आणि महिन्याभरात नवरात्र. हजारो घरांत पगार नाही. पुढे जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. तो चिरंजितलाल चौधरी खटला कायद्याचे विद्यार्थी समानतेच्या हक्कासाठी आजही वाचतात. एका भागधारकाचा हक्क असा कायमचा नोंदला गेला. त्या वर्षी पूर्व भागात बतुकम्मेच्या शेवटच्या दिवशी किती प्रकारचे भात झाले असतील? आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, भात एकच, चिंचेचा. पण फुलांना पैसे पडत नाहीत, त्यामुळे बतुकम्मा दरवर्षीपेक्षा उंच होती, कारण पुरुषही रिकामेच होते आणि तेही तरवड आणायला गेले होते.

मोठ्या मुलींची आणखी एक मजा होती, पहाटेची. नवरात्रात सोलापूरच्या बायका अंधारात उठून, अंघोळ करून, अनवाणी रूपाभवानीला चालत जातात. सगळे म्हणतात ती भक्ती. भक्ती आहेच. पण ज्या काळात तरुण सुनेला एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायची सोय नव्हती, त्या काळात मैत्रिणींबरोबर, घरातल्या कुणाही पुरुषाशिवाय, मोकळ्या रस्त्यावरून गार वाऱ्यात बोलत जाणं! आजीने कधी सांगितलं नाही की देवीपुढे ती काय मागायची. वाटेत कोण काय बोललं, कुणाचं पातळ कसं होतं, हे मात्र तिला तपशीलवार आठवायचं.

आणि मग कोजागिरी. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानी झोपते, श्रमनिद्रा म्हणतात, ती कोजागिरीपर्यंत. त्या रात्रीसाठी सोलापूरहून, विजापूर-गुलबर्ग्याकडून लाखो माणसं तुळजापूरला पायी जातात. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. आज त्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद असतो आणि वाटभर लोक चहा, केळी, पाणी घेऊन उभे असतात. पण १९४८ पर्यंत ही वाट दोन राज्यांतून जात होती: निघायचं ब्रिटिश मुलखातून आणि पोचायचं निजामाच्या. रझाकारांच्या काळात त्या बाजूची माणसं जीव मुठीत धरून सोलापुरात आश्रयाला आली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज याच सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने कोजागिरी होती.

त्या कोजागिरीला आजी चालत गेली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची, चार मुलांची आई. माझे वडील सात वर्षांचे, त्यांना तिने घरीच ठेवलं आणि ते ही तक्रार अजून करतात. बरोबर मागच्या बोळातली ती मैत्रीण होती. तिला देवी नवसाची नव्हती. पण ती तेलंगणातून सोलापुरात आली ती पोटात असताना आणि निजामाचा मुलूख तिने कधी पाहिलाच नव्हता. "आमचं गाव कसं आसतंय ते बगायचं," म्हणून ती आली. तुळजापूरहून तिचं गाव आणखी कितीतरी लांब, पण आजीने तिला ते सांगितलं नाही.

पुढे हादगा शाळेत गेला. मुलींच्या शाळांतून एक दिवस, एक संध्याकाळ, पाटावर हत्ती, बाईंनी निवडलेली सहा गाणी, आणि डब्यात सगळ्यांची मिळून एकच भेळ, जी डबा न हलवताच वासावरून ओळखू यायची. मला त्याचा राग नाही. मी स्वतः तसाच खेळले, आणि खूप खेळले. लग्नाचं वय चौदाचं १९४९ मध्ये पंधरा झालं, १९७८ मध्ये अठरा. फेरातल्या मुली मोठ्या झाल्या, शिकल्या, संध्याकाळचा क्लास आला, घराला अंगण उरलं नाही. सारडा कायद्याने जे करायचं होतं ते झालं, उशिरा का होईना. सोळा दिवसांचा हादगा ज्या मुलींसाठी होता, त्या तशा मुलीच आता नाहीत, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. तरी आजीला शेवटच्या आजारपणात ती नऊ पोरींची नावं लागोपाठ म्हणताना ऐकलं तेव्हा मला जे वाटलं ते मला इथे मांडता येत नाहीये.

बतुकम्मा मात्र जोरात आहे. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झालं आणि तिकडे तिला राज्याच्या सणाचा मान मिळाला. पूर्व भागातही आता मैदानावर स्पीकर लावून खेळतात. विडी कामगार बायकांसाठी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली घरं ताब्यात मिळाली. आजीच्या मैत्रिणीची नात तिथेच राहते. गेल्या वर्षी मी अमावास्येच्या संध्याकाळी तिच्याकडे गेले होते. तिने फुलं बाजारातून आणली होती, झेंडू-शेवंती ढीगभर, पण तरवड? तरवड विकत मिळतं आता, पेंडीला पैसे पडतात, असं तिने जरा रागानेच सांगितलं. मग तिच्या मुलीने, ती इंजिनिअरिंगला आहे, स्कूटर काढली आणि आम्ही दोघी अक्कलकोट रस्त्याला माळावर गेलो. आदल्या दिवशी हस्ताच्या आधीचाच मोठा पाऊस झाला होता. चिखलात चप्पल रुतून बसली, ती तिथेच सोडली. पण तरवड होतं. दोघींच्या ओढण्या भरून.